चुकीच्या महिन्यातील पाहुणे

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाचे वर्ष दोन पंचांगांवर चालते. त्यांपैकी एक तिथी-नक्षत्रांचे असून ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेले असते आणि दुसरे मुलांच्या शाळेचे असून ते तेथील शिक्षण मंडळ वर्ष सुरू होण्यापूर्वीच पालकांच्या हाती ठेवते. या दोहोंत तंटा उभा राहिला की निकाल बहुधा शाळेच्या बाजूनेच लागतो. या तंट्याची चिकित्सा खरे तर समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी करावयाची, पण प्रस्तुत सदर या आठवड्यात तिकडे वळले त्याचे कारण विद्वत्तेचे नसून वैतागाचे आहे. जुलै उजाडला, सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातील घरांत परदेशचे पाहुणे उतरू लागले आणि पाटणपासून मोरगिरी-ढेबेवाडीपर्यंत दारोदारी तेच एक वाक्य ऐकू येऊ लागले: "जत्रंला यायला पायजे हुतंस रं, आता काय बघणार, नुसता पाऊस!"

प्रथम वस्तुस्थिती थोडक्यात नोंदवणे इष्ट. अमेरिकेतील शाळांची मोठी सुट्टी मेअखेर किंवा जूनमध्ये सुरू होते आणि टेक्सास-कॅलिफोर्नियात ती ऑगस्टच्या मध्यालाच आटोपते, तर न्यू जर्सीत बहुतेक ठिकाणी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या कामगार दिनापर्यंत टिकते; ब्रिटनमध्ये ती जुलैच्या उत्तरार्धापासून सुमारे सहा आठवड्यांची असते; आखाती देशांत जुलै-ऑगस्ट मोकळे असतात; ऑस्ट्रेलियात मात्र डिसेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर हा काळ सुट्टीचा असतो. याउलट पाटण परिसरातील गावांच्या यात्रा मुख्यतः चैत्र-वैशाखात येतात. यंदा, म्हणजे 2026 मध्ये, चैत्री पौर्णिमा 2 एप्रिलला होती आणि त्या वेळी परदेशातील मुले परीक्षांत गुंतलेली होती. शिवाय यंदा ज्येष्ठ अधिक आल्याने पुढचे सर्व सण लांबले असून गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आणि दिवाळी नोव्हेंबरात गेली आहे. न्यूयॉर्क शहराच्या शाळांना 2023 च्या कायद्यामुळे दिवाळीची सुट्टी मिळू लागली हे खरे, पण ती एका दिवसाची असल्याने तेवढ्यात पाटण गाठून परतण्याची सोय अद्याप कोणत्याही विमान कंपनीने केलेली नाही.

तेव्हा परदेशस्थ कुटुंब गावी येते ते आषाढात, आणि यजमानाला ही आपलीच चूक वाटू लागते. या चुकीची भरपाई तो ज्या मार्गाने करू पाहतो तो मार्ग या सदराच्या जुन्या वाचकांना अपरिचित नाही, कारण सादळलेल्या फराळाविषयीची या सदराची मते पूर्वीही छापून आलेली आहेत. पाहुण्यांना दिवाळी मिळाली नाही म्हणून जुलैत दिवाळी उभी केली जाते: चकलीचा सोऱ्या माळ्यावरून खाली येतो, भाजणी दळून आणली जाते आणि तळलेल्या चकल्या पितळी डब्यात, वर वर्तमानपत्राची घडी घालून, झाकण दोन्ही हातांनी दाबून ठेवल्या जातात. पण ज्या हवेत भिंतीला ओल सुटते, काडेपेटीची काडी तीनदा ओढावी लागते आणि वलणीवर, म्हणजे घरातच आडव्या बांधलेल्या काठीवर, टाकलेली जीनची विजार चौथ्या दिवशीही दमटच निघते, त्या हवेत चकलीने कुरकुरीत राहावे ही अपेक्षा पदार्थविज्ञानाला धरून नाही. दुसऱ्या दिवशी चकली वाकते, तुटत नाही. आणि तरीही डॅलसहून आलेल्या नातवाने तिचे कौतुक करावे म्हणून साऱ्या घराचे डोळे त्याच्या तोंडाकडे लागलेले असतात.

यातील खरी खंत अशी की, आषाढाला स्वतःचे तळण आहे. 'आखाड तळणे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रथेत गव्हाच्या पिठात गुळाचे पाणी घालून त्याची पोळी लाटतात आणि तिच्या शंकरपाळ्यासारख्या वड्या कापून तळतात. त्यांना कापण्या म्हणतात. गुळामुळे त्या मुळातच काहीशा मऊसर असल्याने ओल्या हवेशी त्यांचे वैर नसते. त्यांच्या जोडीला तिखट-मिठाच्या पुऱ्या असतात, आणि श्रावण लागण्यापूर्वी सामिष जेवणाची हौस भागवून घेणारी मंडळी असतातच. एवढे सगळे ऋतूने ताटात वाढून ठेवले असताना कार्तिकातल्या पदार्थासाठी आषाढात कढई चढवणे म्हणजे स्वतःच्या घराला कमी लेखणे होय, आणि तेही अशा माणसांसमोर की ज्यांना कापणी चाखून कित्येक वर्षे झालेली असतात.

"नुसता पाऊस" या शब्दांतही असाच अन्याय आहे. नवजा व कोयनानगर येथे एका पावसाळ्यात चार-पाच हजार मिलीमीटर पाऊस पडू शकतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुका त्याच्या जेमतेम दशांशासाठी आभाळाकडे डोळे लावून बसतो. ही तफावत जुलैत मुलांना पाटणहून दहिवडीपर्यंत एका दिवसाच्या मोटारप्रवासात दाखवता येते आणि भूगोलाचे कोणतेही पुस्तक ती इतक्या स्वस्तात शिकवत नाही. कोयना धरणाची साठवण क्षमता सुमारे 105 टीएमसी आहे, म्हणजे 105 अब्ज घनफूट, आणि पावसाळ्याचे चार महिने पाटणमधील कोणत्याही संभाषणाची सुरुवात "किती भरलं?" या प्रश्नाने होते, ज्याच्या उत्तरात केवळ आकडा येतो आणि तो कशाचा हे कोणी विचारत नाही. पायथा वीजगृहातून पाणी सुटले, सहा वक्र दरवाजे इतक्या फुटांनी उचलले, मूळगावचा पूल पाण्याखाली गेला, या बातम्यांना येथे हवामानवृत्ताचे नव्हे, तर घरच्या निरोपाचे महत्त्व असते, कारण त्यावर कोणाचे कॉलेज, कोणाचे दूध आणि कोणाचा दवाखाना अवलंबून असतो. पुलाच्या अलीकडे छत्र्या घेऊन उभ्या राहिलेल्या घोळक्यात परदेशातून आलेले पोरही उभे राहते, गढूळ पाण्यातून वाहत येणारा ओंडका पुलाच्या कठड्याला अडकतो की निसटतो यावर चुलत भावाशी पैज लावते, आणि 'काय बघणार' या प्रश्नाचे उत्तर यजमानाच्या डोळ्यांदेखत मिळून जाते.

शेतीचेही तसेच. भाताची लागण, म्हणजे तरव्यात वाढवलेली रोपे उपटून चिखल केलेल्या खाचरात ओळीने लावणे, हे काम याच आठवड्यांत चालते. ज्यांना दिवाळीतच गाव दिसते त्यांना कापलेले खाचर दिसते, लागण दिसत नाही. त्यातच आषाढी पौर्णिमेच्या आगेमागे बेंदूर येतो. विदर्भ-मराठवाड्यात बैलांचा जो सण श्रावणी अमावास्येला पोळा म्हणून होतो, त्याच्या ठिकाणी सातारा, सांगली व कोल्हापूर भागांत आषाढातील बेंदूर आहे. त्या दिवशी बैलांना धुऊन, शिंगे रंगवून, झूल पांघरून मिरवतात आणि पुरणपोळीचा घास भरवतात. पॉवर टिलर आल्यापासून दारात बैल असलेली घरे विरळ झाली असून पूजा मातीच्या जोडीची होते, त्यामुळे सणाची रयाच गेली असे गावातले लोक सांगतात. परंतु कुंभाराकडून आणलेल्या त्या ओल्या जोडीतील एका बैलाचे शिंग बोटाच्या दाबाने मोडले म्हणून ते पुन्हा चिकटवण्यात अर्धी दुपार घालवणाऱ्या मुलाला ही रया गेल्याचे कोणी सांगितलेले नसते.

येथे एक विषयांतर आवश्यक आहे. बाहेरगावच्या माणसाने यात्रेला यावे ही अपेक्षा देवाने घातलेली नसून ती बव्हंशी मुंबईने घातलेली आहे. पाटण तालुक्याच्या डोंगरकपारीतील गावांनी विसाव्या शतकात आपले तरुण गिरण्यांत, गोदीत आणि बाजारपेठांत हमालीसाठी पाठवले; माथाडी कामगारांचे, म्हणजे डोक्या-पाठीवरून ओझे वाहणाऱ्या श्रमिकांचे, नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातील मंद्रुळकोळ्याचे, आणि त्या कामगारांना संरक्षण देणारा महाराष्ट्राचा कायदा 1969 चा. या मुंबईकरांची मनिऑर्डर महिन्याला यायची आणि माणूस वर्षातून एक-दोनदा यायचा, तो यात्रेला किंवा मे महिन्याच्या लग्नसराईला. त्यामुळे गावाचा व्यवहार त्याच्या रजेभोवती फिरू लागला: देवळाच्या जीर्णोद्धाराची बैठक तेव्हा, वर्गणीचा हिशोब तेव्हा, भावकीतील वाटणी तेव्हा, मुलगी पाहणे तेव्हा आणि कुस्त्यांचे मैदानही तेव्हाच. ग्रामस्थ मंडळाची मुंबई शाखा नावाची जी संस्था जवळजवळ प्रत्येक गावाला असते, तिच्या होकाराशिवाय कळसाला रंगदेखील लागत नसे. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, मनिऑर्डरची जागा मोबाइलने घेतली, पण 'यात्रेला आला तो आपला' हे मोजमाप राहिले.

सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी भागाचा अनुभवही याला पुष्टी देतो. तेथील गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा करणारी कुटुंबे, पिढ्यानपिढ्या तामिळनाडूपासून उत्तर भारतापर्यंत पसरलेली असून त्यांची मुले शाळेत तमिळ किंवा मल्याळम बोलतात. परंतु दक्षिणेतील शाळांची सुट्टी एप्रिल-मे महिन्यांत असल्याने त्यांना गावची यात्रा कमीअधिक साधते आणि म्हणून कोइमतूरला राहणारा गलाईवाला 'गावचा' ठरतो. न्यू जर्सीचा अभियंता मात्र 'पाहुणा' ठरतो, आणि दोघांतील हा भेद अंतराचा किंवा आस्थेचा नसून केवळ शाळेच्या सुट्टीचा आहे, ही गोष्ट वर्गणीची पावती फाडणाऱ्यांनी एकदा ध्यानात घेण्यासारखी आहे. पावती फाडताना मात्र त्याला कोणी पाहुणा समजत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

दिलगिरीची ही साथ दोन्हीकडे आहे. परदेशातील मंडळींना आपल्या शनिवारच्या गणपतीची लाज वाटते. तिथी मंगळवारी असली तरी शाळेचे सभागृह शनिवारीच मिळते, कापूर लावताना धुराची सूचना देणारी घंटा आधी बंद करावी लागते, आणि पाच दिवसांचा उत्सव एका दुपारीत आटोपून चारपर्यंत खुर्च्या घडी करून भिंतीला लावाव्या लागतात. या सगळ्याचे वर्णन ती मंडळी गावी आल्यावर "तिकडचं काही खरं नसतं" अशा शब्दांत करतात. वास्तविक लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासूनचे आणि उत्तर अमेरिकेचे बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासूनचे आहे. इतक्या वर्षांत जे टिकले त्याला खोटे म्हणण्याचे धाडस या सदराला होत नाही. शिवाय ज्या पंचांगाची शपथ घेऊन शनिवारला नावे ठेवली जातात, ते पंचांगच तडजोडीवर उभे आहे. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचे आणि सौरवर्ष 365 दिवसांचे असल्याने दरवर्षी साधारण अकरा दिवसांची तूट पडते, आणि ती भरून काढण्यासाठी सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास घातला जातो. ऋतूशी मेळ राहावा म्हणून आख्खा महिना वाढवणाऱ्या परंपरेला तीन-चार दिवसांचे सरकणे सोसू नये, हे पटण्यासारखे नाही.

तेव्हा परदेशस्थांना चैत्राचे आमंत्रण देऊन त्यांना वर्षानुवर्षे अपराधी करण्यापेक्षा आषाढ-श्रावणाचे रोखठोक आमंत्रण द्यावे, हा या सदराचा पाटणकरांना सल्ला आहे. सासरहून माहेरी येण्याचा आपल्याकडील जुना मुहूर्त यात्रेचा नसून नागपंचमीचा आहे. झोके, झिम्मा-फुगडी आणि वारुळाची पूजा यांसाठी लेकी गाडी-बैलाने येत, तशा त्या आता विमानाने येतात आणि तिथी बऱ्याचदा शाळेच्या सुट्टीत बसतेही. यंदा अधिक मासामुळे पंचमी 17 ऑगस्टवर गेली आहे, म्हणजे न्यू जर्सीच्या माहेरवाशिणींना ती साधेल, टेक्सासवालींना मात्र जुलैअखेरच्या बेंदरावर समाधान मानून परतीचे सामान बांधावे लागेल. पंचमीच्या दिवशी पुष्कळ घरांत काही चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत आणि कढई तर चढवतच नाहीत, केवळ पुरणाची उकडलेली दिंडे करतात. त्यामुळे यजमानाची कितीही इच्छा असली तरी निदान त्या दिवशी चकली तळता येणार नाही.