चेहरा झाकावा, खोली नव्हे

बंगळूरच्या शेषाद्री रस्त्यावरील जुने मध्यवर्ती कारागृह आता ‘फ्रीडम पार्क’ या नावाने ओळखले जाते. २००८ मध्ये खुल्या झालेल्या या उद्यानात जुन्या बराकी आणि टेहळणी मनोरा जपून ठेवला आहे. येणारे-जाणारे त्यांची छायाचित्रे काढतात. पक्षांतरबंदीविषयक संसदीय समितीच्या कामासाठी या शहरात आलेले मधू दंडवते, अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांना २६ जून १९७५ रोजी अटक होऊन येथेच आणण्यात आले. दंडवते येथून येरवड्याच्या तुरुंगातील प्रमिलाताईंना पत्रे लिहीत. अभिनेत्री स्नेहलता रेड्डी याच कारागृहाच्या एकांत कोठडीत खंगल्या आणि सुटकेनंतर काही दिवसांतच, २० जानेवारी १९७७ रोजी, त्यांचे निधन झाले.

बंद पडलेला तुरुंग असा सर्वांना दाखवता येतो. प्रश्न आहे तो आज कुलूप लागणाऱ्या खोल्यांचा, विशेषतः अठरा वर्षांखालील मुले ज्यांत ठेवली जातात त्या निरीक्षणगृहांतील व सुरक्षित स्थानांतील खोल्यांचा.

बालन्याय कायद्याचे, २०१५, कलम ७४ मुलाचे नाव, पत्ता, शाळा आणि छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई करते. उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कैद वा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही तरतूद योग्यच आहे. सोळाव्या वर्षीच्या गुन्ह्याचा डाग चाळिशीतल्या माणसाच्या कपाळी राहू नये, हे तिच्यामागचे तत्त्व. आणि एकदा पसरलेले छायाचित्र मागे घेता येत नाही, अशा या काळात त्याचे मोल वाढलेच आहे. परंतु कायदा मुलाला झाकतो, इमारतीला नव्हे. रिकाम्या खोलीच्या चित्रावर या कलमात एका शब्दाचाही निर्बंध नाही. तरीही मुलासाठी उभारलेला पडदा खोलीवरही ओढून घेणे प्रशासनाला सोयीचे ठरते, आणि यात वाईट हेतूच असतो असेही नाही. ‘नाही’ म्हणण्यात जोखीम नसते, एवढे कारण सरकारी कचेरीत पुरते.

अमेरिकेतील छायाचित्रकार रिचर्ड रॉस यांनी ‘जुव्हेनाइल इन जस्टिस’ या प्रकल्पात ही कोंडी वेगळ्या रीतीने फोडली. दोनशेहून अधिक बालबंदीगृहांत जाऊन त्यांनी मुलांशी संवाद साधला आणि २०१२ मध्ये पुस्तक काढले. त्यांच्या चित्रांत चेहरा ओळखू येत नाही. मूल पाठमोरे असते किंवा तोंड झाकून बसलेले. दिसतो तो सिमेंटचा ओटा, पोलादी दरवाजा, उघड्या भिंती. जानेवारी २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी संघीय तुरुंगांत अल्पवयीनांच्या एकांतवासावर बंदी घातली. बहुतांश मुले राज्यांच्या ताब्यात असल्याने तिचा आवाका तोकडा होता, आणि एका छायाचित्रकाराला तिचे श्रेय देणे अतिशयोक्तीचे ठरेल. मात्र ‘एकांतवास’ हा शब्द वाचणारा लोकप्रतिनिधी आणि ती खोली पाहिलेला लोकप्रतिनिधी, हे दोन निराळे श्रोते असतात.

ही वाट भारतात जशीच्या तशी चालणार नाही. कलम ७४ मुलाचेच छायाचित्र वर्ज्य मानते. चेहरा वगळला म्हणून पळवाट मिळेल असे गृहीत धरू नये. हातावरचे गोंदण किंवा अंगावरचा सदरा गल्लीत ओळखला जातो. त्यामुळे येथे खोली रिकामीच दाखवावी लागेल.

केवळ कागदावर विसंबून राहण्याची किंमत कर्नाटकाने पाहिली आहे, प्रौढाच्या बाबतीत का होईना. बंगळूरमधील एका गुन्ह्यात फाशी झालेल्या कैद्याला बेळगावच्या कारागृहात २००६ पासून सुमारे दहा वर्षे एकांतवासात ठेवले गेले. दयेचा अर्ज निकाली निघेपर्यंत अशा कैद्याला एकटे कोंडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सुनील बत्रा खटल्यात १९७८ मध्येच सांगितले होते. तरी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या पीठाने या एकांतवासाची दखल घेऊन फाशी रद्द करेपर्यंत ४ नोव्हेंबर २०२२ उजाडला. भारतीय न्याय संहितेनेही प्रौढांसाठी एकांतवासाची शिक्षा कायम ठेवली आहे. एका वेळी कमाल चौदा दिवस. मुलांबाबत संयुक्त राष्ट्रांच्या १९९०च्या हवाना नियमांनी ती पूर्णतः निषिद्ध मानली आहे. २०१५च्या मंडेला नियमांनुसार दिवसातील बावीस किंवा अधिक तास अर्थपूर्ण मानवी संपर्काविना ठेवणे म्हणजे एकांतवास. अडचण अशी, की कोणतीही संस्था आपल्या नोंदवहीत हा शब्द लिहीत नाही. ‘स्वतंत्र ठेवले’, ‘सुरक्षेसाठी हलवले’ असे लिहिले की खोली किती फुटांची, खिडकी आहे की नाही, दाराची कडी कोणत्या बाजूने, हे प्रश्न उरतच नाहीत.

या बाबतीत मराठी पत्रकारितेचे ऋण मोठे आहे. शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये तुरुंगांतील मुलांची माहिती मागवली आणि जिल्हा न्यायाधीशांना पाहणीस धाडले; त्याच वर्षी संसदेने पहिला देशव्यापी बालन्याय कायदा संमत केला. १९८७च्या दुसऱ्या निकालात कैद्यांच्या मुलाखती घेण्याचा, विशेष परवानगीने त्या ध्वनिमुद्रित करण्याचाही मार्ग न्यायालयाने नियमांच्या चौकटीत मान्य केला. टेपरेकॉर्डरला चौकट मिळाली, मग कॅमेऱ्याला का नाही?

आजच्या कायद्याच्या कलम ५४ नुसार तपासणी समितीने प्रत्येक संस्थेस तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यायची असते. समितीत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी अनिवार्य. या समितीने कुलूप लागणाऱ्या प्रत्येक खोलीचे, रिकामी असताना, दिनांकित छायाचित्र अहवालास जोडावे: दार, खिडकी, दिवा, पाणी, शौचालय. ती चित्रे प्रथम बालन्याय मंडळाकडे आणि उच्च न्यायालयाच्या बालन्याय समितीकडे जावीत. वर्षातून एकदा त्यांचा संच विधिमंडळासमोर यावा. यासाठी संसदेत नवे विधेयक नको. कलम ११० राज्यांना नियम करण्याचा अधिकार देते आणि कर्नाटकाला त्याची सुरुवात सहज करता येईल. बालहक्कांचा अभ्यास करणारे राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि मुलांच्या मनःस्वास्थ्यावर काम करणारी निम्हान्स, दोन्ही बंगळूरमध्येच आहेत. चित्रात काय पाहायचे हे सांगणारी माणसे बाहेरून आणावी लागणार नाहीत. महिला व बालविकास खात्याची एक अधिसूचना आणि एक साधा कॅमेरा, एवढाच खर्च आहे.