अदृश्यतेचे मोल

आपण अदृश्य व्हावे आणि कोणाच्याही दृष्टीस न पडता सर्वत्र संचार करावा, अशी इच्छा बालपणी कोणाच्या मनात येत नाही? या इच्छेवर आजवर अनेक कादंबऱ्या व चित्रपट निर्माण झाले. त्यांपैकी थोडेच लोकांच्या मनात घर करून राहिले. असे का व्हावे?

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांची 'द इन्व्हिजिबल मॅन' ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील ग्रिफिन या शास्त्रज्ञाला अदृश्य होण्याची युक्ती साधते. परंतु त्याच्या अंगावरचा कपडा लोकांना दिसतोच. म्हणून लपून वावरायचे, तर ऐन थंडीत त्याला उघड्या अंगाने हिंडावे लागते. खाल्लेले अन्न पचेपर्यंत पोटात दिसत राहते. अंगावर बर्फ पडले, की आकृती उघडी पडते. कुत्री तर वासावरूनच त्याला ओळखतात. जगाला धाक दाखवू पाहणारा हा मनुष्य अन्नवस्त्राला महाग होतो! आणि प्रकाश डोळ्यांतून आरपार गेला, तर डोळ्यांना दिसणार कसे? वेल्स यांनी याचाही विचार केला होता. त्यांनी ग्रिफिनच्या डोळ्यांत किंचित रंग शिल्लक ठेवला.

१९८७ सालच्या 'मिस्टर इंडिया' या हिंदी चित्रपटाचा नायक एका यंत्राच्या साहाय्याने अदृश्य होतो. मात्र लाल प्रकाशात तो दिसतो. एवढ्या एका अटीमुळे लाल प्रकाश दिसताच प्रेक्षकांचा जीव टांगणीला लागतो.

काही जण म्हणतात, "कल्पनेच्या राज्यात नियम कशाला हवेत?" याचे उत्तर कबड्डीचे मैदान देते. चढाई करणाऱ्याने एका दमात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत परतले पाहिजे, ही अट काढून टाकली, तर खेळात गंमत ती काय उरेल? कथेचेही असेच आहे. आज संगणकाच्या साहाय्याने पडद्यावर कोणतेही अद्भुत दृश्य उभे करता येते. परंतु नायकाला कधी इजाच होत नसेल आणि प्रत्येक संकटात त्याला नवी शक्ती आयती मिळत असेल, तर त्याची काळजी कोण करणार? डोळे दिपतात, मन मात्र कोरडेच राहते.

म्हणून खरा रसिक केवळ टाळ्या वाजवून थांबत नाही. या शक्तीची मर्यादा कोणती, तिचे मोल कोणी दिले आणि लेखकाने स्वतःच घातलेला नियम शेवटपर्यंत पाळला का, हे तो विचारतो. असे प्रश्न विचारल्याने आनंद उणावत नाही. उलट, चांगली कथा कोणती आणि नुसता देखावा कोणता, हे त्यामुळेच कळू लागते. कल्पनेला पंख हवेत, हे खरेच. पण पक्षीदेखील उडतो, तो वाऱ्याचे नियम पाळूनच!