मुंबई किती लांब?

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला. तेव्हापासून आमच्या भागात एक वाक्य सारखे कानावर येते, ‘डॉक्टर, मुंबई आता जवळ आली.’

नकाशावर ती पूर्वीपासून जवळच आहे. अलिबागपासून सरळ रेघ मारली तर गेटवे सुमारे ३० किलोमीटर. रस्त्याने हेच अंतर शंभराच्या घरात जाते. सेतूवर चढायचे तरी आधी वडखळ आणि पेण ओलांडावे लागते, आणि शनिवार-रविवारची वडखळची कोंडी वाचकांना मी काय सांगावी! मांडव्याहून लाँच तासाभरात पोचवते, पण रात्री अकराला धक्क्यावर कुत्रे तेवढे असते. पावसाळ्यात लाकडी लाँच बंदच. तिकडे दिघी-आगरदांडा घ्या. समोरचा किनारा डोळ्यांना दिसतो. फेरीबोट चुकली की म्हसळ्यावरून खाडीला वळसा.

हे सारे मला माहीत होते, तरी एक चूक माझ्या हातून झाली. काही वर्षांपूर्वी रात्री एका साठीच्या वाडीवाल्या गृहस्थांना आणले. छाती जड, अंगाला दरदरून घाम. मुलाचा मुंबईहून फोन, ‘डॉक्टरकाका, तिथे वेळ घालवू नका, बाबांना थेट इकडे पाठवा. दोन तासांचा तर रस्ता!’ मी ॲस्पिरिन चावायला दिली आणि मुंबईची चिठ्ठी लिहिली. वाटेत ट्रक उलटला होता. पोचायला पाच तास लागले. ते वाचले, पण हृदय कमजोर झाले. आता नारळ उतरवताना खाली खुर्ची टाकून नुसते बघत बसतात.

हृदयविकारात रक्ताच्या गुठळीने रक्तवाहिनी बंद होते आणि पुढचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत जातो. निदानानंतर १२० मिनिटांत ॲन्जिओप्लास्टी होण्यासारखी असेल तर तीच उत्तम. होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या जवळ द्यावे आणि मग पुढे पाठवावे, हा जगभरचा नियम आहे. (इंजेक्शन सर्वांना चालत नाही, ते डॉक्टर ठरवतील.) मी मोजायला हवी होती ती १२० मिनिटे. मोजले किलोमीटर.

फुरसे किंवा घोणस चावली, बाळंतिणीचे रक्त थांबेना, तिथेही हाच हिशेब. सर्पदंशाची लस जवळच्या सरकारी दवाखान्यात असताना मुंबईची वाट धरणे म्हणजे विष अंगात भिनू देणे. १०८ ला फोन केला की कुठे न्यायचे तेही विचारा.

शासनाकडे माझे मागणे साधे आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रात्रीसुद्धा ईसीजी निघावा आणि ते इंजेक्शन कपाटात असावे. विमानतळापेक्षा ते बरेच स्वस्त पडेल.

आमच्या सरपंचांना मी म्हटले, ‘एस.टी. थांब्यावर एक फळा लावा. ईसीजी किती मिनिटांवर, सापाची लस किती मिनिटांवर. दिवसा किती, रात्री किती, पावसात किती.’ ते म्हणाले, ‘फळा लावू हो, पण मिनिटे कोण मोजणार?’

येत्या रविवारी रात्री मी माझी गाडी काढतोय. सरपंच शेजारी बसणार आहेत, घड्याळ त्यांच्याकडे.