रात्रपाळीच्या मुलीला खोली द्या
लेबर रूमची नर्स म्हणून मी बीडहून पुण्याला आले. नोकरी लगेच मिळाली. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी राज्यभर चालते. खोलीला मात्र दोन महिने लागले. कुठे नाव ऐकून नकार, तर आपल्याच मोहल्ल्यात ‘रात्रपाळी? मग नको.’ कळा घड्याळ बघून येत नाहीत. रात्री दोनला बाळंतिणीजवळ बाई नर्सच हवी, असा आग्रह आपल्याच घरांतून होतो. मदिन्यात जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदांचं (रजि.) नाव आपण जलशांत अभिमानाने घेतो. मग त्याच वाटेने चालणाऱ्या मुलीवर संशय का? पहिल्या नकाराविरुद्ध लढूच. दुसरा मिटवणं आपल्याच हातात आहे. या जुम्म्याला तुमच्या मोहल्ल्यातल्या एका तरी घरमालकाशी बोला.