वाटेवरचे तालुके

मराठीच्या प्राध्यापकांनी रस्त्यांविषयी लिहू नये, असे अलीकडेच एका चर्चासत्राच्या भोजनसमयी आम्हांला सुनावण्यात आले. रस्ते अभियंत्यांनी आखावेत, तुम्ही ओव्या गोळा कराव्यात, असा एकंदर आशय. सल्ला देणारे सद्गृहस्थ साहित्याचेच अभ्यासक होते, म्हणूनच हा प्रपंच. एखाद्या अभियंत्याने असे म्हटले असते तर आम्ही निमूटपणे भात कालवला असता.

ज्या प्रदेशात आम्ही शिकवतो, त्याची एक फार जुनी लिखित साक्ष एका रस्त्यावरच कोरलेली आहे. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावापासून नाणेघाटाची चढण सुरू होते आणि माथ्यावर, जुन्नरच्या बाजूस, सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. तो सामान्यतः इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. त्यात यज्ञ आहेत, दक्षिणा आहेत आणि त्या दक्षिणांचे आकडे आहेत. ब्राह्मी अंकांच्या अतिप्राचीन नमुन्यांत ते गणले जातात. समोरच्या भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. त्या गेल्या, वरची नावे तेवढी उरली. हा लेख राजधानीत न कोरता घाटाच्या तोंडाशी का कोरला, हा प्रश्न आम्ही एम.ए.च्या वर्गात दरवर्षी विचारतो आणि दरवर्षी कोणी ना कोणी अचूक उत्तर देतो : कारण वाचणारे तेथूनच जात होते. कल्याण बंदरातून जुन्नरकडे व पुढे पैठणकडे जाणारा माल याच खिंडीतून चढे. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा असे लोक सांगतात. व्यापार, सत्ता, लिपी आणि धर्म या चारही गोष्टी एका पायवाटेवर नांदत होत्या. ‘वाहतूक’ आणि ‘संस्कृती’ यांची दोन खाती पुढे कोणीतरी पाडली. नागनिकेने तरी ती पाडली नव्हती.

गंमत अशी की कायद्यानेही ती पाडलेली नाहीत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यातील चौदावे कलम प्रादेशिक योजनेत काय काय असावे ते सांगते. रस्ते, महामार्ग, लोहमार्ग यांचा त्यात उल्लेख आहे आणि त्याच कलमात, अवघ्या काही ओळींच्या अंतरावर, ऐतिहासिक, नैसर्गिक, पुरातत्त्वीय व शास्त्रीय महत्त्वाच्या वस्तू, वास्तू आणि स्थळे यांचे जतनही आहे. म्हणजे रस्ता आखणाऱ्या नकाशावरच वारसाही दाखवला जावा, अशी विधिमंडळाची अपेक्षा साठ वर्षांपूर्वीपासून लिहिलेली आहे. तिचे पालन कसे होते ते पाहण्यासाठी शहापूर तालुक्याइतकी सोयीची प्रयोगशाळा नाही.

शहापूर हा वाटेवरचा तालुका. येथून सर्वच पुढे जाते. १८६५ साली थळ घाटातून लोहमार्ग इगतपुरीला पोहोचला. जुना मुंबई–आग्रा रस्ता येथूनच कसाऱ्याला चढतो. तानसा, मोडकसागर, भातसा यांचे पाणी येथून मुंबईस जाते आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. वाळवंटातील वस्त्यांविषयी लिहिणारे अभ्यासक पाण्याचे दुर्भिक्ष आणि दूरवरून जाणारे रस्ते यांचा एकत्र विचार करतात. अडीच हजार मिलिमीटर पावसाच्या आसपास जगणाऱ्या या प्रदेशास आम्ही वाळवंट म्हणत नाही, पण एप्रिलमध्ये हंडा घेऊन उतरणाऱ्या बाईस ही भाषिक दक्षता विशेष उपयोगाची नाही.

आता समृद्धी महामार्ग. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. त्यातील इगतपुरी ते आमणे हा अखेरचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. सह्याद्री पोटातून ओलांडणारे सुमारे आठ किलोमीटरचे जुळे बोगदे याच टप्प्यात आहेत. अभियांत्रिकी म्हणून ही कामगिरी थोरच आहे, ती नाकारण्यात आम्हांला रस नाही. प्रश्न असा, की हा प्रवेशनियंत्रित मार्ग आहे. त्यावर चढण्या-उतरण्याच्या जागा मोजक्या, दोहों बाजूंस कुंपण आणि ओलांडण्यासाठी ठरावीक भुयारी वाटा. गाडीतील प्रवाशाच्या दृष्टीने ही सुरक्षितता झाली. गुराख्याच्या, सरपण आणणारीच्या, पलीकडच्या शिवारातील वाघोबाला नारळ फोडायला जाणाऱ्या वारली कुटुंबाच्या दृष्टीने पायवाट कोठे तुटली आणि कोठे जोडली, एवढाच प्रश्न उरतो. भुयारी वाट गावरस्त्यासाठी ठेवली जाते, कारण गावरस्ता कागदावर असतो. देवाची वाट कागदावर नसते.

याच कामावर ३१ जुलै २०२३ च्या रात्री सरळांबे येथे पुलाचे तुळईयंत्र कोसळून वीस जण मरण पावले. वाटेवर पडलेल्या माणसासाठी पूर्वी या मुलखात वीरगळ उभी राहत असे. या वीस जणांची आठवण प्रदेशाच्या स्मृतीत कोणत्या रूपाने राहील, हे लोकसाहित्याच्या अभ्यासकाने विचारायचे नाही तर कोणी?

वीरगळीचा विषय निघाला म्हणून आमचा एक अनुभव. काही वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी आम्हांला त्याच्या गावच्या शिवेवर घेऊन गेला. रस्ता रुंद होत होता. शिवेवरची झिजलेली वीरगळ यंत्राने उचलून मुरमाच्या ढिगाशेजारी ठेवलेली होती आणि ती उचलणाऱ्यांनीच तिला ताजा शेंदूरही फासला होता. अनादर कोणीही केला नव्हता. पण वीरगळीचा अर्धा अर्थ तिच्या जागेत असतो : येथे गाई वळवल्या, येथे तो पडला, येथून आपली हद्द. जागा गेली की शिल्प उरते, मजकूर जातो. आम्ही संबंधित कार्यालयात विचारणा केली. उत्तर सौजन्याने मिळाले : हा दगड संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही. ते खरेच होते. यादीत नसलेल्या गोष्टींची यादी कोणी करायची, या आमच्या पुढच्या प्रश्नास उत्तर मिळाले नाही. कदाचित प्रश्न साहित्यिक वाटला असावा.

येथपर्यंत वाचून माना डोलावणाऱ्या आमच्या सहव्यवसायी मित्रांना आता थोडे दुखवणे भाग आहे. ‘रस्ता आला आणि गाव गेले’ या छापाच्या ललित लेखनाचा आम्हांला मनापासून कंटाळा आला आहे. पावसाळ्यात शहापूर–मुरबाडच्या पाड्यांवरून रुग्णाला अथवा बाळंतिणीला डोलीत घालून चिखलातून नेल्याच्या बातम्या दरवर्षी छापून येतात. ज्या पाड्यावरची लग्नगीते आपण ध्वनिमुद्रित करून आणतो आणि त्यावर शोधनिबंध वाचतो, त्याच पाड्यावर रस्ता नसणे हे आपल्याला ‘अस्पर्शित’ वाटावे, यासारखा निर्दयपणा नाही. कातकरी वा ठाकूर बाईचे गाणे जपायचे तर आधी ती बाई जगली पाहिजे. ज्यांच्या डोक्यावरून महामार्ग जातो त्यांना दवाखान्यापर्यंत साधी सडक मिळू नये, हेच नियोजनाचे खरे अपयश आहे. रस्ता नको असे आम्ही म्हणत नाही. कोणाचा रस्ता आधी, एवढेच विचारतो.

दुसऱ्या बाजूने येणारा युक्तिवादही तितकाच पोकळ आहे. वारसा जपायचा म्हणजे पर्यटन वाढवायचे, असे हल्ली गृहीतच धरले जाते. माळशेज घाटावर काचेच्या पदपथाची योजना यातूनच निघते. दरीवर काच बसवल्याने सह्याद्री अधिक दिसतो हे आम्हांला मान्य नाही. पावसाळ्यात तेथे बहुतेक वेळ धुकेच दिसते. सिद्धगडाचे उदाहरण घ्यावे. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तेथे धारातीर्थी पडले. आझाद दस्त्याला जंगलात भाकर आणि निरोप पोहोचवणाऱ्या वाटा गावकऱ्यांच्या पायाखालच्या होत्या. तेथे वाहनतळ झाला म्हणून हा इतिहास जपला गेला असे होत नाही. म्हशाची पौषातली यात्राही तशीच. खांबलिंगेश्वराचे देऊळ हे स्थळ नकाशावर एका ठिपक्यात मावेल, पण बैलबाजार, घोंगड्या आणि चहूकडून येणारी माणसे यांनी बनलेली यात्रा ठिपक्यात मावत नाही. तिला येण्या-जाण्याच्या वाटा आणि गुरे बांधायला मोकळी जागा लागते. जमिनीचे भाव चढले की आधी तीच जाते.

वाळवंटाकडून एक गोष्ट मात्र शिकता येईल. थरमधील लोक ‘ओरण’ राखतात; आपल्या देवराईचेच ते भावंड. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील अशा देवराया प्रत्यक्ष जागेवर आणि उपग्रहाच्या साहाय्याने मोजून नकाशावर आणण्याचा आदेश दिला. ज्यांना पाऊस ठाऊक नाही त्यांनी आपली झाडे न्यायालयापर्यंत नेली. आपण मात्र देवराईवर कविता केल्या.

आमच्याकडे साधने नाहीत असेही नाही. शहापूर हा संपूर्ण तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ चा पेसा कायदा तेथील ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती यांचे रक्षण करण्यास सक्षम मानतो; महाराष्ट्राचे नियम २०१४ साली झाले. तेव्हा मागणी साधी आहे. मार्गाची आखणी होण्यापूर्वी गावोगावची गावदेव, वाघोबा, वीरगळ, देवराई, मसणवट, यात्रेची जागा आणि या सर्वांकडे जाणाऱ्या पायवाटा यांची नोंद ग्रामसभेसमोर वाचून मंजूर व्हावी, आणि आराखडा तिच्यावर ठेवून पाहिला जावा. नोंद मराठीत असावी, आणि त्या मराठीत पाड्यावरच्या माणसाला आपले शब्द ओळखू यावेत. आज ‘हरकती व सूचना’ मागवणाऱ्या अधिसूचनांची भाषा आम्हां पदव्युत्तरांनाही दोनदा वाचावी लागते.

आणि ही नोंद करण्याचे काम अभियंत्याचे नाही, ते आमचे आहे. जिल्ह्यातील मराठी विभागांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत किती गाणी, कहाण्या, म्हणी गोळा केल्या! त्यातील बहुतेक प्रबंधांत ‘ठाणे जिल्हा’ एवढाच पत्ता आहे. कोणत्या पाड्यावर, कोणत्या झाडाखाली, कोणत्या वाटेवर म्हटले जाणारे गाणे, हे आम्ही लिहून ठेवले असते तर आज त्या वहीचा पुरावा म्हणून उपयोग झाला असता. संहितेवर आमचे इतके प्रेम, की ती जेथे उभी होती ती जमीन आम्ही पाहिलीच नाही. चर्चासत्रातील त्या सद्गृहस्थांवर आम्ही जो राग धरला, त्यातला मोठा वाटा वस्तुतः स्वतःवरचा होता.

फेब्रुवारीत आम्ही आणि आमचे विद्यार्थी टोकावड्यापासून वैशाखऱ्यापर्यंत पायी नोंदी करण्यास निघणार आहोत. वही आमची, नकाशा तलाठ्याकडून मागून आणलेला. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी कळवावे. पिण्याचे पाणी मात्र ज्याने त्याने बरोबर आणावे; पाड्यांवरच्या विहिरीत उरलेले आपण प्यायचे नाही, असे ठरले आहे.