भाषणाआधीचं ‘हुश्श’

दरवर्षी 14 जानेवारीला, महाराष्ट्रात घरोघरी तिळगूळ वाटला जात असताना, पानिपतच्या काला आंब स्मारकापाशी शौर्यदिनासाठी माणसं जमतात. 1761 साली याच तारखेला इथं मराठे आणि अब्दालीची फौज भिडली. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांबरोबर, स्वतःला त्या मराठ्यांचे वंशज मानणारा हरियाणातला रोड मराठा समाजही इथं येतो. 2025 साली मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस इथं बोलले. कसलेल्या राजकारण्याला गर्दीची सवय असते. पण अशा जागी पहिल्यांदाच माइक हाती घेणाऱ्याचं काय? ऐकणारे भावुक, विषय काळजाला हात घालणारा, त्यात उत्तरेतली कडाक्याची थंडी. छातीत धडधड, तोंडाला कोरड, आणि पाठ केलेलं पहिलंच वाक्य गायब.

अशा वेळी मंचामागून एक सल्ला हमखास येतो. “जोरात श्वास घे!”

सल्ला मायेचा आहे, पण अर्धाच आहे. घाबरलेला माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो. त्यात तो आणखी जोरानं हवा ओढत राहिला, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि भीती वाढते. खरं काम श्वास सोडण्याचं आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस ही चेता उच्छ्वासाच्या वेळी ठोक्यांना आवर घालते.

योगाच्या परिभाषेत हा रेचक. पूरकाच्या, म्हणजे आत घेतलेल्या श्वासाच्या, दुप्पट रेचक, हे प्राणायाम शिकवणाऱ्यांचं जुनं प्रमाण. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगक्रियांना प्रयोगशाळेच्या कसोटीवर तपासायला सुरुवात केली. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी महिनाभर रोज पाच मिनिटं श्वासाचे वेगवेगळे प्रकार केले. मन प्रसन्न राहण्यात सरस ठरला तो उसासा: नाकानं एक श्वास, त्यावर आणखी एक छोटा श्वास, मग तोंडानं सावकाश, लांब उच्छ्वास.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, हुश्श. आपण तो संकट टळल्यावर म्हणतो. वक्त्यानं तो आधी म्हणावा.

नाव पुकारण्यापूर्वी पाच मिनिटं खांदे सैल सोडून बसावं. चार आकडे मोजत नाकानं श्वास घ्यावा, आठ मोजत सोडावा. आठ जड गेले तर सहा. श्वास कोंडून धरू नये. चक्कर आली तर थांबावं. जानेवारीतल्या पानिपतच्या धुक्यात आणि धुरकट हवेत हा सराव घरातच बरा. मोकळ्यावर नाकानंच श्वास घ्यावा, म्हणजे हवा ऊबदार आणि ओलसर होऊन घशात उतरते. यानं भीती नाहीशी होत नाही, पण आवाज ताब्यात येतो.

मात्र ही सवय ऐन वेळी लागत नाही. 26 जानेवारीच्या भाषणांची तालीम दरवर्षी शाळाशाळांतून चालते. मुलांकडून भाषण घोकून घेणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती आहे: रोजच्या तालमीतली पहिली पाच मिनिटं या लांब उच्छ्वासाला द्या, आणि मूल अडखळलं तर “घाबरू नकोस” म्हणण्याऐवजी त्याच्यासोबत एकदा सावकाश श्वास सोडा.