नवऱ्याला टाळ्या, बाईला माफी

नानावटी खटल्याला साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तो संपायला तयार नाही. न्यायालयात तो कधीच संपला. चालू आहे तो पडद्यावर. त्यावर १९६३ मध्ये ‘ये रास्ते हैं प्यार के’ आला, १९७३ मध्ये गुलजारांचा ‘अचानक’, २०१६ मध्ये अक्षय कुमारचा ‘रुस्तम’ आणि २०१९ मध्ये तर मालिकाच. आपल्या मराठी रंगभूमीवरही मधुसूदन कालेलकरांचं ‘अपराध मीच केला’ याच प्रकरणावरून आलं. प्रत्येक वेळी नवरा थोडा अधिक मोठा झाला. आणि बायको? तिचं काय झालं, हे मला इथे मांडायचं आहे.

आधी घडलं ते पाहू. २७ एप्रिल १९५९. नौदलातले कमांडर कावस नानावटी बोटीवरून परतून थोडेच दिवस झाले होते. त्यांची पत्नी सिल्व्हिया जन्माने इंग्रज, तीन मुलांची आई. प्रेम आहुजा या मोटारींच्या व्यापाऱ्याशी आपले संबंध असल्याचं तिने त्या दुपारी नवऱ्याला सांगितलं. नानावटींनी बायकोमुलांना मेट्रो थिएटरवर सोडलं. तिथून ते बोटीवर गेले. रात्री एकट्याने अहमदनगरला मोटारीने जायचं आहे असं खोटं कारण सांगून त्यांनी रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. मग आहुजाच्या कचेरीत गेले, तो नाही म्हटल्यावर त्याच्या घरी. थोड्याच वेळात आहुजा मरून पडला होता.

ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना तो निर्णय पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे १९६० मध्ये जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं. दुपारी दीडला घर सोडलेला माणूस चार वाजून वीस मिनिटांनी खून करतो. मधले जवळजवळ तीन तास त्याला शांत व्हायला पुरेसे होते. मुलांची व्यवस्था लावून, खोटं सांगून शस्त्र मिळवून केलेली ही गोष्ट ‘अचानक आणि गंभीर चिथावणी’त बसत नाही. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली आणि १९६८ मध्ये कुटुंब कॅनडाला गेलं.

आता ‘रुस्तम’ बघा. इथे नायक नुसता नवरा नाही, तो देशभक्त आहे. संरक्षण खात्यातला भ्रष्टाचार त्याला कळलेला आहे आणि खलनायक विक्रम त्याच्या बायकोला जवळ करतो तो नवऱ्यावर सूड म्हणून. म्हणजे प्रेमप्रकरणसुद्धा दोन पुरुषांमधलाच व्यवहार! बाई त्यातलं फक्त हत्यार. ज्यूरी नायकाला सोडते आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत बाहेर पडतो. खऱ्या आयुष्यात ज्यूरीचा हा निर्णय वरच्या न्यायालयांत टिकला नाही, ही गोष्ट सिनेमाच्या विजयोत्सवात बुडून जाते. या चित्रपटातल्या भूमिकेसाठी अक्षय कुमारला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

सिल्व्हियाने आहुजाला लिहिलेली पत्रं खटल्यात पुरावा म्हणून वाचली गेली. त्यांत तिची त्याच्याशी लग्न करण्याची ओढ आहे, तो टाळाटाळ करील ही भीती आहे. चूक म्हणा, बरोबर म्हणा, ती एका प्रौढ बाईची स्वतःची इच्छा होती. सिनेमाला हीच इच्छा सोसत नाही. नायकाची बायको स्वतःहून दुसऱ्या पुरुषाकडे गेली असं दाखवलं, तर नायकाची उंची कमी होते. मग तिला भोळी करायची, एकटेपणात फसलेली करायची, शेवटी रडवायची आणि नवऱ्याच्या मोठ्या मनाने तिला माफ करायचं. माफी मिळाली की बाई स्वच्छ होते. पण जिला मनच नव्हतं, तिला माफ तरी कशाबद्दल करायचं?

‘अचानक’ तर एक पाऊल पुढे गेला. विनोद खन्नाने केलेला लष्करी अधिकारी प्रियकरालाच नव्हे, बायकोलाही मारतो. चित्रपट संयमाने केलेला आहे. फाशी द्यायची असलेल्या माणसाला डॉक्टरांनी जगवायचं कशासाठी, हा त्याचा प्रश्नही खरा आहे. पण पाहा, प्रत्यक्षात जी बाई जगली, कोर्टात उभी राहिली, जिने मुलं वाढवली, तिला गोष्टीत मारून टाकलं तरी आपली सहानुभूती मारणाऱ्याकडेच राहते. इतकी ती आपल्या अंगवळणी पडली आहे.

आणखी एका बाईबद्दल कुणीच बोलत नाही. ती म्हणजे आहुजाची बहीण मेमी. गोळ्या सुटल्या तेव्हा ती घरातच होती, भावाचं प्रेत तिने पाहिलं, साक्ष दिली. बाहेर ‘ब्लिट्झ’ नानावटींचा जयजयकार करत होता आणि रस्त्यावर आहुजा टॉवेल नि नानावटी रिव्हॉल्व्हर नावाची खेळणी विकली जात होती. माफीला लेखी संमती द्यावी म्हणून १९६४ मध्ये तिलाच गाठलं गेलं आणि तिने ती दिली. ‘रुस्तम’मध्ये या बहिणीच्या जागी येते ती नटवी, कारस्थानी, सूडाने पेटलेली बाई. भाऊ गमावलेल्या स्त्रीच्या दुःखाला जागा द्यायची म्हटली, तर मेलेलाही माणूस होता हे कबूल करावं लागेल ना!

कुणी म्हणेल, सिनेमा आहे, करमणूक आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? कलावंताला स्वातंत्र्य हवं, हे मलाही मान्य आहे. बंदीची मागणी मी करणार नाही. बंदीचं हत्यार शेवटी बायकांच्याच तोंडावर येतं. पण ही गोष्ट पडद्यावरच राहत नाही. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ हा मथळा आपण किती सहज वाचतो आणि पान उलटतो! त्या मथळ्यात संशय घेणाऱ्याबद्दल एक समजूत दडलेली असते: बिचाऱ्याचा तोल गेला. आरोपीच्या वकिलाचा मुद्दाही पुष्कळदा हाच असतो. चिथावणीचा तो अपवाद जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०० मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्येही तो आहे. तोल गेला की नाही हे ठरवणारी माणसं आपल्यातलीच असतात आणि तीही सिनेमे बघतात.

त्या काळचा कायदाही याच मुशीतला होता. कलम ४९७ प्रमाणे दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणं गुन्हा होता, पण नवऱ्याची संमती असेल तर नाही! बाई म्हणजे नवऱ्याच्या मालकीची वस्तू, हे यापेक्षा स्पष्ट कसं लिहिणार? सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २०१८ मध्ये रद्द केलं. ‘रुस्तम’ त्याच्या दोनच वर्षं आधीचा. कायद्याने मालकी सोडली, सिनेमाने अजून सोडलेली नाही.

एक सावधगिरी मात्र आपणही बाळगायला हवी. सिल्व्हियाला बंडखोर नायिका करण्याचा मोह आपल्यालाही होईल. ती तशी नव्हती. ती बचाव पक्षातर्फे नवऱ्याच्या बाजूने साक्षीला उभी राहिली, त्याच्याबरोबर राहिली, त्याच्याबरोबर देश सोडून गेली. हे तिने प्रेमाने केलं की मुलांसाठी, हे आपण तिच्या वतीने ठरवू नये. तिचं मन तिच्यापाशी राहू द्यावं, एवढा मान तरी आपण तिला देऊ शकतो.

मग करायचं काय? असा सिनेमा टीव्हीवर लागला की तो आपल्या गटात, मंडळात एकत्र बघू या, मुलामुलींनाही घेऊन. नंतर तीनच प्रश्न विचारू. या बाईला काय हवं होतं? ते तिच्या तोंडून आपण ऐकलं का? आणि जो मेला, त्याच्यासाठी कोण रडलं? उत्तरं मिळाली नाहीत तर दिग्दर्शकाला पत्र लिहू. खऱ्या माणसांची आयुष्यं उचलून गल्ला भरायचा असेल, तर त्यांतल्या बाईचं मन गाळून चालणार नाही, हे प्रेक्षक म्हणून सांगायचा आपला हक्क आहे. तिकिटाचे पैसे आपणही देतो.